कोण आधी, कोण नंतर: लॉ एन्ट्रन्समधल्या क्रमाच्या पझलचं काय करायचं?

पत्र: ताई, मी फोंडा तालुक्यातली, बारावी आर्ट्सला आहे. लॉ करायचं पक्कं ठरलंय, डिसेंबरात क्लॅट (नॅशनल लॉ युनिव्हर्सिट्यांची एन्ट्रन्स) आणि आयलेट (दिल्लीच्या नॅशनल लॉ युनिव्हर्सिटीची वेगळी एन्ट्रन्स) दोन्ही देतेय, नंतर महाराष्ट्राची सीईटी पण देणार. बाकी सगळं जमतं, पण ते सात माणसं, सात जागा, कोण कोणाच्या आधी, असले प्रश्न आले की डोकं बंद पडतं. चार चारदा वाचते, आणि चौथ्यांदा वाचताना पहिली अट विसरलेली असते. एकेका सेटला, म्हणजे एक पझल आणि त्यावरचे सगळे प्रश्न, वीस वीस मिनिटं जातात आणि तरी दोन चुकतातच. मावसभावाने त्याची एलसॅटची, म्हणजे अमेरिकेतल्या लॉ एन्ट्रन्सची, जुनी पुस्तकं दिलीत, त्यात असली पझलं ढीगभर आहेत, पण क्लासचे सर म्हणतात ते सगळं बंद झालंय, त्यात वेळ घालवू नकोस. पप्पा म्हणतात गणित कच्चं म्हणून जमत नाही, दर रविवारी पणजीला वेगळा क्रॅश कोर्स लाव. चौथीपर्यंत माझं मराठी मिडियम, त्यामुळे इंग्लिशमधल्या अटी समजायला पण वेळ लागतो. हा भाग सरळ सोडून देऊ का? (एक बारावीवाली)

बाय, सोडू नकोस. आणि पप्पांना सांग की गणिताचा इथे काडीचा संबंध नाही, सातपर्यंत मोजता आलं की झालं. दहावीला गणितात नव्वदच्या वर असलेली पोरं पण ह्या प्रश्नांत अडकलेली मी बघितलीत, आणि गणिताच्या नावाने थरथरणारी पोरं हे प्रश्न पटापट सोडवताना पण बघितलीत. फरक काय असतो, तर दुसरी जी असतात ती लिहितात.

तुझ्या पत्रातच बघ ना, तू लिहिलंयस की चौथ्यांदा वाचताना पहिली अट विसरलेली असते. म्हणजे तू पाच-सहा अटी डोक्यात धरून ठेवायला बघतेस, आणि त्यांच्याबरोबर सात नावं, आणि वर चार ऑप्शन. कोणाचंच डोकं एवढं धरत नाही, तुझंही नाही आणि जे पहिले येतात त्यांचंही नाही. तुला हुशारी कमी पडत नाहीय, तू कागद उशिरा घेतेस एवढंच. सेट एकदाच वाचायचा, वाचता वाचता खुणांनी उतरवायचा, आणि मग पहिल्या प्रश्नाकडे बघायच्याही आधी अटी एकमेकींना जोडून काय काय निघतं ते बघायचं. वेळ तिथे घालवायचा, प्रश्नांवर नाही. बहुतेक जण नेमकं उलटं करतात, अटी घाईघाईत वाचून प्रश्नावर उडी मारतात आणि मग प्रत्येक प्रश्नाला परत पहिल्यापासून सगळं मांडत बसतात, म्हणून वीस मिनिटं जातात.

आता सरांचं. ते अर्धं बरोबर बोलतायत. अमेरिकेतल्या एलसॅटमध्ये असल्या पझलचा अख्खा सेक्शन असायचा, ३५ मिनिटं आणि चार सेट, म्हणजे एकाला साधारण पावणेनऊ मिनिटं. जून २०२४ च्या परीक्षेत तो शेवटचा आला, ऑगस्ट २०२४ पासून काढून टाकला. का काढला ते पण ऐक, कारण ते तुझ्या कामाचं आहे. दिसत नसलेल्या विद्यार्थ्यांची केस होती, त्यांचं म्हणणं असं की हा सेक्शन आकृती काढल्याशिवाय नीट सोडवताच येत नाही आणि आम्हाला आकृती काढता येत नाही, मग ही आमच्या बुद्धीची परीक्षा कशी? २०१९ साली तडजोड झाली आणि परीक्षा घेणाऱ्यांनी दुसरा मार्ग शोधायचं कबूल केलं, त्यातून पुढे हे झालं. म्हणजे ह्या पझलचा जीव आकृतीत आहे हा मुद्दा अगदी कोर्टापर्यंत गेला होता. आणि तू बसलीयस आकृतीशिवाय सोडवत!

तर एलसॅटमधून गेलं म्हणून आपल्याकडून गेलं असं होत नाही. आयलेटमध्ये १५० प्रश्नांपैकी तब्बल ७० लॉजिकल रिझनिंगचे, आणि क्रमाच्या, बसायच्या, रँकिंगच्या प्रश्नांना तिथे जागा आहे. महाराष्ट्राच्या सीईटीत तर लॉजिकल आणि ॲनालिटिकल असा सेक्शनच आहे. क्लॅटचं थोडं वेगळं, २०२० पासून तिथे सगळं उताऱ्यांवर गेलंय, लॉजिकलचे प्रश्न १२० पैकी साधारण २२ ते २६, आणि मुख्य भर उताऱ्यातला युक्तिवाद पकडण्यावर, गृहीतक काय, निष्कर्ष काय असं. म्हणून क्लॅटसाठी तू पझलवर जीव टाकू नकोस, पण आयलेटसाठी टाक. भावाची पुस्तकं फेकू नकोस, ती पझलं आपल्याकडच्यांपेक्षा जड असतात, पण अटी इतक्या नेमक्या लिहिलेल्या असतात की सरावाला त्याहून चांगलं काही मिळणार नाही. आपल्याकडच्या काही गाईडांत अटच अर्धवट असते आणि मागे उत्तर भलतंच, त्यापेक्षा ती बरी. फक्त त्यातले एका ओळीत लावायचे सेट आधी घे, गट पाडायचे नंतर.

आता नुसतं बोलून काय उपयोग, एक सेट घेऊ. मीच बनवलाय, नावं आपल्याच तालुक्यातली.

एका देवळात रात्री सात भजनी पथकं एकापाठोपाठ एक गातात: कुंडई, खांडोळा, प्रियोळ, मडकई, बांदोडा, सावईवेरे, शिरोडा. अटी अशा. कुंडई खांडोळ्याच्या आधी कधीतरी. खांडोळा प्रियोळच्या आधी कधीतरी. प्रियोळ झाल्या झाल्या लगेच मडकई. सावईवेरे एकतर पहिलं नाहीतर शेवटचं. बांदोडा खांडोळ्याच्या नंतर कधीतरी. आणि सावईवेरे पहिलं असेल तर शिरोडा शेवटचं.

हे वाचून तू परत वर जाशील. जाऊ नकोस, पेन घे. प्रत्येक गावाचं एक अक्षर: क, ख, प, म, ब, स, श. सात रेघा मार, खाली १ ते ७ लिही. आता अटी. क आणि ख मध्ये बाण, ख आणि प मध्ये बाण. प-म ला चौकोनात घाल, एकाला एक चिकटलेले, ह्यांच्यात कोणी शिरायचं नाही. स च्या खाली लिही "१ किंवा ७". ख पासून ब कडे आणखी एक बाण. शेवटची अट: स १ असेल तर श ७. झालं, अर्धा मिनिट गेला असेल, आणि आता वरचा परिच्छेद तुला परत वाचायची गरजच नाही. ह्यानंतर तुझ्यासाठी सेट म्हणजे तो कागद.

आता खरं काम. सगळ्या बाणांत एकच अक्षर परत परत येतंय, ख. क च्या पुढे ख, ख च्या पुढे प-म चा चौकोन, आणि ख च्याच पुढे ब. म्हणजे वेगवेगळ्या चार अटी मिळून एकच साखळी झाली, आधी क, मग ख, आणि त्याच्या मागे प-म आणि ब, त्या दोघांत कोण पुढे ते माहीत नाही. एकच अक्षर दोन अटींत दिसलं की त्या जोडायच्याच, ह्याला पर्याय नाही. जे अक्षर कुठल्याच बाणात नाही ते पण बघून ठेव, इथे श जवळजवळ मोकळा आहे, एका "जर" वाल्या अटीत तेवढा आहे.

मग स ला दोनच जागा आहेत म्हणजे दोन वाटा कर. पहिली वाट: स १ वर. मग श ७ वर, अट तसं सांगतेच. उरले २ ते ६, तिथे क आणि ख पुढे येणारच म्हणजे २ आणि ३, आणि राहिलेल्या तीन जागांत एकतर ब प म नाहीतर प म ब. म्हणजे अख्ख्या ह्या वाटेत दोनच क्रम: स क ख ब प म श, आणि स क ख प म ब श. संपली वाट. दुसरी वाट: स ७ वर. आता १ ते ६ मध्ये क ख ब प म किंवा क ख प म ब, आणि श कुठेही घुसू शकतो, फक्त प आणि म च्या मध्ये नाही. प्रत्येकात श ला पाच जागा, म्हणजे दहा क्रम. ते दहा लिहीत बसायचं नाही हं, "श मोकळा" एवढं लिहिलं की पुरे.

बघ किती हाताला लागलं. शेवटचा नंबर फक्त स ला किंवा श ला मिळू शकतो, दुसरं कोणी तिथे येऊच शकत नाही. क नेहमी पहिला किंवा दुसरा. ख नेहमी दुसरा किंवा तिसरा. प फक्त तिसरा, चौथा किंवा पाचवा. ह्यातलं एकही अटींत लिहिलेलं नव्हतं, आणि प्रश्न विचारतात ते नेमकं ह्यावरच. प्रश्न काढणारा पण हीच साखळी मांडून प्रश्न काढतो, त्यामुळे तू ती आधीच मांडलीस तर निम्मे प्रश्न वाचायच्या आधीच सुटलेले असतात.

"जर" वाल्या अटीत पोरं कशी फसतात ते जरा नीट सांगते. "स पहिला असेल तर श शेवटचा" ह्याच्यावरून एकच उलट गोष्ट नक्की निघते, श शेवटचा नसेल तर स पहिला नाही. दोन्हीकडे "नाही" लावून उलटं वाचायचं. नुसतं उलटं करून "श शेवटचा असेल तर स पहिला" असं म्हणायचं नाही, ते त्या अटीत नाहीच. आता गंमत अशी की आपल्या ह्या सेटमध्ये ते पण खरं ठरतं! पण ते ह्या अटीमुळे नाही, स ला १ किंवा ७ एवढंच होतं आणि श ने ७ घेतला म्हणून. म्हणजे दुसऱ्या अटीमुळे. हा फरक तुला आत्ता फालतू वाटेल, पण लॉच्या पहिल्या वर्षाला कलमातलं "जर" आणि "तरच" वाचताना हेच लागणार आहे.

आता प्रश्न घेऊ. जवळजवळ प्रत्येक सेटमध्ये एक असा असतो की खालीलपैकी कुठला क्रम चालेल. ऑप्शन समजा असे: एक, श क ख प ब म स. दोन, क श ब ख प म स. तीन, स क ख प म श ब. चार, श क ख ब प म स. तू काय करतेस, मला खात्री आहे, पहिला ऑप्शन घेऊन त्याला सगळ्या अटी लावतेस, मग दुसरा घेऊन परत सगळ्या. उलटं कर. एक अट घे आणि चारही ऑप्शनवरून फिरव. प नंतर लगेच म: पहिल्यात मध्ये ब आलाय, गेला. ब ख च्या नंतर: दुसऱ्यात आधी आहे, गेला. स पहिला तर श शेवटचा: तिसऱ्यात शेवटी ब, गेला. चौथा उरला, त्याला तपासायची पण गरज नाही. हा प्रश्न कुठल्याही नंबरावर असू दे, सेटमध्ये सगळ्यात आधी हाच करायचा, मार्क पण मिळतो आणि एक चालणारा क्रम फुकटात हाताला लागतो, जो पुढे उपयोगी पडतो.

मग "असं असेल तर" वाले. समजा विचारलं, शिरोडा चौथ्या नंबरावर गायलं तर खालीलपैकी काय नक्की? बाजूला नव्याने सात छोट्या रेघा मार, मुख्य आकृतीला हात लावू नकोस, कारण श चौथा हे फक्त ह्या एका प्रश्नापुरतं आहे. श ४ वर. म्हणजे श शेवटचा नाही, म्हणजे स पहिला नाही, म्हणजे स ७ वर. उरल्या १, २, ३ आणि ५, ६. प-म ला चिकटून दोन जागा हव्यात, आणि त्यांच्या आधी क आणि ख दोघंही हवेत, म्हणजे १-२ किंवा २-३ मध्ये ते बसणारच नाहीत, ५-६ मध्येच जाणार. मग क ख ब पहिल्या तीन जागांत, आणि त्यातही क ख आधी. झालं: क ख ब श प म स. एकच क्रम! एवढीशी माहिती दिली आणि सातही जागा भरल्या. ऑप्शन काहीही असू देत, बघायचे आणि टिक करायचे. नाहीतर ह्याच प्रश्नाला तू चार ऑप्शन एकेक करून लावून बघत पाच मिनिटं घालवली असतीस.

"नक्की" आणि "शक्य" ह्यात गल्लत करू नकोस, निम्मे मार्क तिथे जातात. नक्की खरं काय असं विचारलं तर एखादा ऑप्शन पाडायला त्याच्या विरुद्धचा एक चालणारा क्रम पुरे. म्हणून आधीच्या प्रश्नांत जे क्रम निघाले ते खोडू नकोस, कोपऱ्यात राहू देत. उदाहरणार्थ "बांदोडा प्रियोळच्या आधी नक्की येतं" असा ऑप्शन आला, तर मघाचा स क ख प म ब श आठव, त्यात ब नंतर आहे, ऑप्शन पडला. आणि शक्य काय असं विचारलं तर उलट, एक चालणारा क्रम मिळाला की तोच ऑप्शन उत्तर. प्रश्नात "सोडून" किंवा "नाही" असेल तर त्याच्याभोवती गोल कर, गोल न करता वाचलेलं "नाही" घाईत हमखास सुटतं.

इंग्लिशचं तू लिहिलंयस, त्यात लाज वाटून घेण्यासारखं काही नाही, गोव्यात मराठी प्रायमरीतून आलेली बहुतेक पोरं पाचवीत एकदम इंग्लिशमध्ये जातात. पण ह्या सेटमधलं इंग्लिश अगदी मोजकं असतं, तेच ते दहा-पंधरा शब्दप्रयोग फिरून फिरून येतात. एक पान कर, डावीकडे तो शब्दप्रयोग, उजवीकडे तुझी खूण, मराठी अर्थ पण नको. इमिजिएटली बिफोर म्हणजे चौकोन. नुसतं बिफोर म्हणजे बाण. नो लेटर दॅन फोर्थ म्हणजे ५, ६, ७ वर काट. ॲट लीस्ट टू बिटवीन म्हणजे मध्ये दोन रिकाम्या रेघा आणि पुढे अधिकचं चिन्ह. अनलेस दिसलं की थांबायचं, "नसेल तर" असं मनात वाचायचं आणि मग खूण करायची. ओन्ली इफ म्हणजे "तरच", त्याचा बाण पोरं हटकून उलटा काढतात, तिथेही थांब. विचार मराठीत कर, खुणा कागदावर, इंग्लिश फक्त वाचण्यापुरतं. सीईटीला तर प्रश्न मराठीतून पण दिसतात, अडलीस तर तिथलं मराठी बघ.

सेट वाचायला सुरू करताना एक सवय लाव, अटींच्या आधी दोन गोष्टी बघायच्या. जागा किती आणि माणसं किती, सारखीच आहेत का. आणि एका जागेवर एकच का दोन चालतात. पोरं हे धरूनच चालतात की एकाला एक, आणि मग सहा माणसं पाच दिवस असा सेट आला की सगळं कोसळतं. आणि गोल टेबल असेल तर पहिला-शेवटचा असं काही नसतंच, तिथे कोणाला तरी एकाला बसवून टाकायचं आणि त्याच्यापासून मोजायचं.

टाईमचं बोलू. आयलेटमध्ये १५० प्रश्न १२० मिनिटांत, म्हणजे प्रश्नाला ४८ सेकंद. पाच प्रश्नांचा सेट असेल तर हिशेबाने चार मिनिटं. त्यातली दीड ते दोन मिनिटं मांडणीला गेली तरी घाबरू नकोस, नंतरचे प्रश्न वीस-तीस सेकंदांत जातात. पण प्रत्येक सेट सोडवायचाच असं नाही. अटी वाचल्यावर एखादं अक्षर सरळ एका जागेवर बसतंय किंवा चिकटलेल्या जोड्या आहेत तर तो घे, तो पटकन उलगडतो. सगळ्याच अटी "जर-तर" च्या आणि एकही जागा पक्की नाही असं दिसलं तर कोपऱ्यात खूण करून पुढे जा, शेवटी वेळ उरला तर ये.

निगेटिव्हची पण उगाच भीती आहे पोरांना. क्लॅट आणि आयलेटला चुकीला पाव मार्क जातो. चार ऑप्शन आणि डोळे मिटून मारलं तरी सरासरीने चारात एक बरोबर, म्हणजे एक मिळाला आणि पाऊण गेला, तोटा तरीही नाही. आणि तू एका अटीवरून दोन ऑप्शन पाडलेस आणि उरलेल्या दोनात अंदाज केलास तर सरळ सरळ फायदा. तेव्हा दोन पाडलेला प्रश्न कोरा सोडू नकोस. महाराष्ट्र सीईटीला तर निगेटिव्हच नाही, तिथे एकही प्रश्न कोरा ठेवणं म्हणजे मार्क दान करणं. फक्त ती कॉम्प्युटरवर असते, स्क्रीनवर काही लिहिता येत नाही, म्हणून घरी पण पुस्तकावर न लिहिता वेगळ्या कागदावर मांडायची सवय ठेव. क्लॅट-आयलेट कागदावर असतात, तिथे बुकलेटमध्येच रफ करता येतं.

सराव कसा करायचा? पहिले दोन-तीन आठवडे घड्याळ बाजूला. रोज एक सेट, एकच, पण नीट. सोडवून झाला की उत्तरं बघ, आणि चूक निघाली तर सोल्युशन वाचू नकोस लगेच, आधी शोध की अटीची खूण चुकली का जोडायची राहिली का प्रश्न चुकीचा वाचला. ह्या तीनपैकी काय ते त्या पानावर लिहून ठेव, आठवड्याने तुला आपोआप दिसेल तुझी चूक कुठली आहे, बहुतेकांची एकच असते. मग तोच सेट दुसऱ्या दिवशी कोऱ्या कागदावर परत. हे कंटाळवाणं आहे, मान्य, पण दहा नवे अर्धवट करण्यापेक्षा चार जुने दोनदा केलेले बरे. गणपतीची चवथ झाली की घड्याळ लाव, आधी सेटला आठ मिनिटं, मग हळूहळू खाली आण. मागच्या वर्षांचे पेपर तेव्हासाठी ठेव, आत्ताच संपवून टाकू नकोस.

आणि अधूनमधून स्वतः एक सेट बनव, जसा मी हा बनवला. सात नावं घे, पाच-सहा अटी टाक आणि बघ किती क्रम निघतात. दोन-तीनदा असं होईल की एकही क्रम निघणार नाही, किंवा शंभर निघतील, आणि मग कळेल कुठली अट जागा बांधून टाकते आणि कुठली नुसती शोभेची. मैत्रिणीला सोडवायला दे, ती भांडेल तुझ्याशी की हे असं पण बसतं, आणि त्या भांडणात जे शिकशील ते कुठल्या क्लासात मिळणार नाही.

क्रॅश कोर्सचं पप्पांना असं सांग. तू ज्या क्लासला आधीच जातेस तिथे बाकी विषय होतात ना? मग ह्या एका भागासाठी दर रविवारी फोंड्याहून पणजी नको, जाण्यायेण्यात आणि बाणस्तारीच्या ट्रॅफिकमध्ये अर्धा दिवस जातो आणि तिथे पण सर बोर्डावर सोडवून दाखवणार, तू बघत बसणार. दुसऱ्याने काढलेली आकृती बघताना सगळंच सोपं वाटतं. दोन महिने घरी वर सांगितलं तसं कर, ऑक्टोबरात एक अख्खा आयलेटचा जुना पेपर वेळ लावून दे, आणि तेव्हाही पझलमध्ये निम्म्याहून जास्त चुकत असतील तर मग लाव कोर्स, तेव्हा तुला निदान नेमकं काय विचारायचं ते माहीत असेल. पप्पांना हे पटेल, पैसे वाचतायत ना. बसने जातेच आहेस कुठे तर तिथे करंट अफेअर्स वाच, पझल बसमध्ये नको, आकृती काढता येत नाही. आणि इथल्या कॉलेजांचा पण विचार ठेव, मिरामारचं साळगावकर आणि मडगावचं कारे, त्यांच्या ॲडमिशनची नोटीस वेळेवर बघ, नॅशनलच्या नादात ती तारीख निघून जायला नको.

आता तुला एक प्रश्न, वरच्याच सेटवर. बांदोडा पाचव्या नंबरावर गायलं तर शिरोडा कितवं? कागदावर कर, मग खाली बघ.

उत्तर: सहावं. क ख प म ब श स, दुसरा क्रमच नाही. स पहिला असता तर ब ला चौथी किंवा सहावीच जागा मिळते, म्हणून स सातवा, आणि ब च्या आधीच्या चार जागा क ख प म नेच भरतात, कारण ब प-म च्या आधी आला तर चौथ्याच्या पुढे जाऊच शकत नाही. तुझं वेगळं आलं असेल तर प-म चा चौकोन तुटला का ते आधी बघ.